देवीचा उजवा गाल

माझं इंग्रजी फार चांगलं आहे, असं आमच्या नातेवाइकांत सगळे समजतात. ते तसं बरंच साधं आहे. मात्र कोल्हापुरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मला घातलं, तेव्हापासून गावाकडचा प्रत्येक इंग्रजी कागद आमच्या घरी यायला लागला. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, मिक्सरचं माहितीपत्रक, कुणाच्या तरी जावयाचा दुबईचा करार. मी तो वाचायची, खाली मान घालून मराठीत सांगायची आणि सांगून झालं की आतल्या खोलीत जायची.

म्हणून एका सकाळी मोठे काका गावाहून मोटरसायकलवर आले आणि चप्पल काढायच्या आधीच "पोरगी कुठाय?" म्हणाले, तेव्हा मला वाटलं पुन्हा मिक्सर असेल.

"देवी घावली," काका म्हणाले.

"हरवली होती?" मी विचारलं.

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू माझी शाळेची सगळी फी वाया गेली. आई घाईघाईने चहा टाकायला आत गेली.

आमचं गाव मलकापूरच्या रस्त्याला, आत डोंगराकडे आहे. तिथल्या देवळात देवीची शिळा आहे, ती जागची हलत नाही. जत्रेत पालखीतून मिरवायला पितळेचा मुखवटा होता. तो इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने नेला, किंवा साहेबाला कुणी दिला, किंवा विकला. हे सांगणाऱ्याच्या घराण्यावर अवलंबून असतं. मुखवटा गेला त्या वर्षी जत्रा तर करायचीच होती. तेव्हा पालखीत गादीवर नारळ ठेवला, त्याला हिरवा खण नेसवला आणि काजळाने दोन मोठे डोळे काढले. तेव्हापासून दर जत्रेला तसाच नवा नारळ असतो. शेवटच्या दिवशी तो फोडतात आणि गावभर वाटतात. माझ्या लहानपणापासून मी तीच देवी पाहिली आहे आणि खाल्लीही आहे. ती कशाच्या तरी बदली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांच्या हातात ग्रामपंचायतीत आलेल्या ई-मेलची छापील प्रत होती. परदेशातल्या एका संग्रहालयाने लिहिलं होतं, की तुमच्या गावचा म्हणून नोंदलेला एक मुखवटा आमच्याकडे आहे, तो गावाला हवा असेल तर आम्ही परत देऊ इच्छितो. खाली फोटो होता. त्याच्या शेजारी वस्तू कशी मिळाली त्याची नोंद होती, एकाच शब्दाची.

"भेट," मी वाचून सांगितलं.

"भेट?" काका ओरडले. "देवी कोण भेट देतंय व्हय? देवी काय पेढ्याचा पुडा हाय?" मग जरा विचार करून म्हणाले, "बरं, तसं म्हण त्यांना. आता तुमीबी भेटच द्या म्हणावं."

त्या रविवारी मला फोटोसकट गावात नेण्यात आलं. देवळाच्या मंडपात सगळे जमले होते. फोटो मोठा छापून आणला होता, तो हातोहात फिरला. मला वाटलं होतं लोक हात जोडतील, एखादी म्हातारी रडेल. प्रत्यक्षात प्रत्येकाने तो बघितला, लांब धरून पुन्हा बघितला आणि पुढे दिला, जसा लग्न जुळवताना नको असलेल्या मुलीचा फोटो देतात.

"ही आपली न्हाई," एक काकू शेवटी म्हणाल्या. "आपल्या देवीचं डोळं केवढं! कानापातूर. हिचं बघा, झोपेतनं उठल्यागत."

खरंच होतं ते. मुखवट्याचे डोळे बारीक, अर्धे मिटलेले होते. ओठांवर हसू आहे की नाही, हे ठरवता येत नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात जे डोळे होते, ते नारळाचे होते. आणि नारळाचे डोळे म्हणजे आमच्या आत्याचे. म्हणजे तिने काढलेले.

आत्याबद्दल सांगायला हवं. ती वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी, गावातल्या आमच्या घरी परतली. गावात हळदीकुंकवाला तिला बोलवत नाहीत. लग्नात ती मागच्या रांगेत, चुलीकडे असते. नारळाला डोळे काढायचा मान मात्र आमच्या घराण्यातल्या लेकीचा आहे, सुनेचा नाही, आणि लेक विधवा झाली म्हणून लेक असायची थांबत नाही, असं जुन्या कुणीतरी ठरवून ठेवलंय. त्यामुळे वर्षातून एक दिवस असा येतो, की ताशेवाले आमच्या दारात येतात, वाजवत आत्याला देवळात नेतात आणि ती डोळे काढेपर्यंत पालखी उचलत नाहीत. काजळ ती स्वतः धरते. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालून. बोट एकदा टेकवलं की डोळा पुरा होईपर्यंत उचलत नाही. मग सगळ्या सवाष्णी वाकून आधी देवीला आणि मग तिला नमस्कार करतात. ती तेव्हा कुणाकडेच बघत नाही, पण तिची मान त्या दिवशी वेगळी असते.

फोटो तिच्याकडे आला तेव्हा मी शेजारी होते. तिने तो मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिला.

"हिला काजळ लागायचं न्हाई," ती म्हणाली आणि फोटो पुढे दिला.

ही आपलीच देवी, हे ठरलं ते डोळ्यांवरून नाही, गालावरून. एका म्हाताऱ्याने चष्मा वर करून बोट ठेवलं. "खोक बघा."

मंडपात एकदम गलका झाला. गावात एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. फार पूर्वी, मुखवटा होता तेव्हा, एका जत्रेत पालखी चौकात आली. उजव्या हाताला वरची आळी, डाव्या हाताला खालची. पालखी आधी कुणाच्या आळीत जाणार यावरून ओढाओढी झाली, पालखी कलली आणि देवी तोंडावर पडली. गालाला खोक पडली. ज्या बाजूला खोक, त्या आळीने ओढलं, हे उघड आहे. फक्त ती बाजू कुठली, यावर वरची आणि खालची आळी आजतागायत भांडतात. त्यापायी सोयरिकी मोडल्या आहेत. देवीचा चेहरा पाहिलेली माणसं सगळी गेली. कुणालाही तो आठवत नव्हता. पण कुणी पाडली, हे आठवत नाही असा एकही माणूस गावात नव्हता.

फोटोत खोक देवीच्या उजव्या गालावर होती. आम्ही वरच्या आळीचे.

"फोटो उलटा हाय," मोठे काका ताबडतोब म्हणाले.

"उलटा कसा आसंल?" खालच्या आळीतून कुणीतरी.

"मोबाईलमधी उलटंच येतंय. सेल्फी काडत न्हाईस काय कधी? शर्टाचा खिसा कुटल्या बाजूला जातोय बघ."

"देवीनं सेल्फी काडलाय व्हय?"

मी मान खाली घातली. ते मला चांगलं जमतं.

त्यानंतर खरी अडचण गुरवमामांनी काढली. गावात महत्त्वाचं काही करायचं तर देवीला कौल लावतात. ओल्या पाकळ्या देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शाळेची जागा, विहिरीची जागा, सगळं असंच ठरलंय. तेव्हा मुखवटा आणायचा का, हेही विचारायला हवं.

"मग लावा की," काका म्हणाले, "शिळेला."

"शिळा हितंच हाय," गुरवमामा म्हणाले. "जी हितंच बसलीया तिला, तू हितं येतीस काय, म्हणून कसं विचारायचं? जी यायची हाय तिला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तो ई-मेल मी चार वेळा लिहून खोडला. नम्रपणे कळवण्यात येतं, की वस्तूची स्वतःची संमती घेणं आवश्यक असून त्यासाठी आपण तिच्या गालांना फुलांच्या पाकळ्या चिकटवाव्यात. मला वाटलं आता उत्तर येणार नाही. उत्तर आलं. संग्रहालयातल्या बाईंनी लिहिलं होतं, की विनंती अगदी रास्त आहे, मात्र आमच्या समितीपुढे ठेवावी लागेल. समितीत मतभेद झाले. ताजी फुलं आत नेता येत नाहीत, कीड जाते. धातूवर नळाचं पाणी चालत नाही. काकांना हे वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना त्या लोकांबद्दल पहिल्यांदाच जवळीक वाटली. "आपल्यागतच कमिटी हाय की!" ते म्हणाले.

शेवटी ठरलं, की पाकळ्या आधी फ्रीझरमध्ये ठेवून निर्धोक करायच्या आणि पाणी डिस्टिल्ड घ्यायचं. गुरवमामांना डिस्टिल्ड म्हणजे काय ते सांगितलं. "म्हंजे शुद्धच की," ते म्हणाले. "आमी तरी कुटं टाकीतलं घेतोय?"

कौलाच्या दिवशी सरपंचांच्या घरचा टीव्ही मंडपात आणला, त्याला लॅपटॉप जोडला. पडद्यावर एक पांढरी स्वच्छ खोली दिसली, टेबल, टेबलावर राखाडी गादीवर देवी. शेजारी आखूड केसांच्या, निळे हातमोजे घातलेल्या बाई. त्या देवीच्या पुढ्यात उभ्या राहून आम्हाला नमस्कार करत होत्या.

"पावणं, जरा बाजूला सरका की! देवी दिसंना झालीया!" मागून आवाज आला.

मी तो निरोप जरा धुऊनपुसून इंग्रजीत दिला. बाई सरकल्या. गुरवमामा सांगत गेले, मी सांगत गेले, बाई करत गेल्या. पाकळी गालावर, बोटाने हलके दाबून. फार ओली नको. डावी थोडी खाली झाली, वर घ्या. इतक्या लोकांसमोर मी कधीच बोलले नव्हते आणि मला कुणी बोलू देतही नव्हतं.

"मोट्यानं सांग की!"

"तिला ऐकू जातंय, तुमाला कशाला मोट्यानं?"

मग गुरवमामांनी गाऱ्हाणं घातलं. आई, लांबच्या मुलखात बसलीयास, लेकरं वाट बघत्यात, घरला यायचं आसंल तर उजवी दे, ऱ्हायचं आसंल तर डावी दे. काका माझ्या कानाशी वाकले.

"आता तू इंग्रजीत सांग."

"बाईंना सांगितलंय मी, काका."

"बाईला न्हाई. देवीला. एवढी वर्सं तितं ऱ्हाऊन मराठी इसरली आसंल तर?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं निदान गुरवमामा अडवतील. ते म्हणाले, "सांग, सांग. कमी नगं पडाय." तेव्हा मी उठले आणि शाळेतल्या प्रार्थनेच्या आवाजात देवीला इंग्रजीतून विचारलं, की तुम्हाला घरी यायला आवडेल का? पडद्यावरच्या बाईंनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे असं मला वाटलं, पण कदाचित त्या हसू दाबत असतील.

पाकळ्या पडेनात. त्या खोलीत वारा नसतो, तापमानही हलत नाही. आमच्या इथे चहा झाला. बाई उभ्याच होत्या. "फॅन लावा म्हणावं," कुणीतरी सुचवलं. "वाऱ्यावर कौल घेतोय व्हय?" गुरवमामा खेकसले. आणि त्या खेकसण्यातच एक पाकळी सुटली, ओठाच्या कडेवर क्षणभर अडकली आणि गादीवर पडली.

खोकेच्या बाजूची.

"उजवा! उजवा कौल!" खालची आळी उठून उभी राहिली.

वरची आळी बसून होती. आमच्या लोकांची मोठीच पंचाईत झाली होती. ही बाजू उजवी म्हणावी तर देवी येणार. पण मग खोकही उजव्या गालावर, म्हणजे आम्हीच पाडली. डावी म्हणावी तर आम्ही निर्दोष. पण मग देवी येणार नाही. काकांनी या मुखवट्यासाठी तालुक्याला किती खेटे घातले होते, ते मला माहीत होतं. ते टीव्हीकडे बघत होते, जिवंत मासा गिळल्यासारखे.

"उलटं दिसतंय," ते शेवटी क्षीण आवाजात म्हणाले.

मी बाईंना विचारलं. देवीची उजवी की डावी? "तिची उजवी," बाई म्हणाल्या आणि खात्रीसाठी आपला उजवा हात वर केला.

"त्यो उजवा कशावरनं? डावकुरी आसंल बाई!"

"डावकुरीला उजवा हात नसतोय व्हय रं?"

मग जे सुरू झालं, ते त्या जुन्या जत्रेत चौकात झालं असेल तसंच. बाई पडद्यावर हात वर करूनच उभ्या होत्या. खाली घ्यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. ती खांबाला टेकून बसली होती. हे भांडण मिटलं नाही तर कौल रद्द होणार, देवी तिकडेच राहणार, नारळ राहणार आणि ताशेवाले आमच्या दारात येत राहणार. तिला काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

ती उठली. गर्दीतून वाट काढत टीव्हीपाशी गेली, अगदी नाक लागेल इतकी जवळ.

"कपाळ बघा तिचं," ती म्हणाली. "येवढी वर्सं झाली, कुणी बोट टेकवलेलं न्हाई." मग वळून काकांना म्हणाली, "आपणच पाडली, दादा. आपल्या आज्ज्यानंच वडली आसणार. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी सुदिक वडायचा त्यो. आता येऊ दे तिला घरला."

खालची आळी इतकी हसली, की काकांना रागवायला जागाच राहिली नाही. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "उजवा," ते म्हणाले. मी बाईंना हात खाली घ्यायला सांगितलं.

आत्या माझ्याजवळ येऊन बसली. विमानाला तिथून यायला किती वेळ लागतो, तेवढंच तिने विचारलं.

देवी काही महिन्यांनी लाकडी पेटीतून आली. बरोबर एक कागद होता, तो अर्थातच मी वाचला. तेल लावू नये, कुंकू लावू नये, पाण्याने धुऊ नये.

"मग पूजा कशानं करायची? बघून?" काकांनी विचारलं.

"हे नियम नाहीत, काका. विनंती आहे."

"विनंती हाय व्हय? मग मान राखू की," ते म्हणाले आणि गुरवमामांनी नेहमीपेक्षा बरंच लहान कुंकू लावलं.

नारळाचं काय करायचं, यावर बैठक झाली. खरी देवी आल्यावर नारळ कशाला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, की मग शेवटच्या दिवशी प्रसाद काय? पितळ फोडून खायचं? ठरलं असं, की नारळ पालखीत असेल, पण नुसता प्रसादापुरता. डोळे नकोत. एका पालखीत दोन देव्या बऱ्या दिसत नाहीत. आत्या म्हणाली, "बरं."

जत्रेच्या सकाळी ताशेवाले सरळ देवळात गेले. आमच्या दारावरून गेले, पण थांबले नाहीत. आत्या परसात भांडी घासत होती. दिव्यावर वाटी मात्र रात्री ठेवलेली मी पाहिली होती. मी तिच्या शेजारी बसून भांडी विसळायला घेतली. विचारायचं नसतं तेव्हा माझ्यासारखी सोबत बरी पडते.

थोड्या वेळाने ताशा मध्येच थांबला. कधी थांबत नाही तो. मग काका धापा टाकत परसात आले. पालखी पहिल्याच दारात अडली होती. तिथल्या काकूंनी पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घातलं, आरतीचं ताट घेऊन वाकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मुखवट्याकडे बघितलं, नव्या सुनेकडे बघावं तसं, अदबीने. मग नारळाकडे. मग म्हणाल्या, "ववाळू कुणाला? ह्या बाईची नी माजी वळख न्हाई आन ही आंधळी!" मागे बायांची रांग लागली होती आणि सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं.

"चल," काका म्हणाले.

"ताशा कुटाय?" आत्याने भांडं खाली न ठेवता विचारलं.

काका गेले, ताशेवाल्यांना घेऊन आले. मग आत्याने हात धुतले, लुगडं बदललं आणि निघाली. घाई केली नाही. रस्त्याच्या मधोमध पालखी खाली टेकवली होती. ऊन चढलं होतं, मी तिच्या डोक्यावर छत्री धरली. तिने वाटीतल्या काजळावर बोट फिरवलं आणि नारळावर टेकवलं. पण या वेळी बोट कानापर्यंत गेलं नाही. ती मध्येमध्ये मुखवट्याकडे बघत होती. बोट न उचलता बघत होती. दोन डोळे झाले, लांबट, बारीक, अर्धे मिटलेले.

"अवं आक्का, लईच बारीक झालं की ह्या वक्ताला!" काकू म्हणाल्या.

"गप बस," आत्या म्हणाली. "शेजारी शेजारी बसायचं हाय दोघींनी, जरा बहिणी-बहिणी वाटाय नगं?" तिने बोट पदराला पुसलं आणि पालखीवाल्यांकडे बघितलं. "उचला आता. देवीला ऊन लागायलंय."